वाळवंटातील 'आम्ही'

फॅनी बुलक वर्कमन व विल्यम हंटर वर्कमन या अमेरिकन दांपत्याचा 'अल्जीरियन मेमरीज' हा ग्रंथ 1895 साली प्रसिद्ध झाला. ॲटलास पर्वत ओलांडून सहाराच्या दिशेने सायकलींवरून केलेल्या दौऱ्याची ही हकीकत. ग्रंथावर नावे दोघांची, आणि निवेदन प्रथमपुरुषी अनेकवचनात चालते. मराठी वाचक अडतो तो येथेच. या अनेकवचनाला 'आम्ही' म्हणावे की 'आपण'? तेलुगू मुलखात राहिलेल्या वाचकांना 'मेमु' आणि 'मनमु' यांतील अंतर सांगावयास नको. गुजरातेतील मंडळींना 'अमे' आणि 'आपणे' यांतील. (हिंदीच्या 'हम'मध्ये वाढलेल्या आपल्या मुलांना मात्र ते समजावून द्यावे लागते.) ऐकणाऱ्याला पोटात घेणारे 'आपण' या ग्रंथात शोधू गेल्यास फारसे हाती लागत नाही. हे 'आम्ही' दोघांचेच आहे. त्याच्या कुंपणाबाहेर वाळवंट आहे, वाळवंटातील माणसे आहेत, आणि बऱ्याच अंशी वाचकही आहे.

धाडसाविषयी वाद नाही. हवेचा टायर 1888 मध्ये निघाला. म्हणजे हे वाहन तेव्हा अजून बाल्यावस्थेतच होते. त्यावर पायघोळ झगा सावरीत एका स्त्रीने उन्हातून मैलोगणती मार्ग कापावा, याचे कौतुक न करणारा समीक्षक अरसिकच म्हटला पाहिजे. विल्यम पेशाने डॉक्टर. प्रकृतीच्या कारणाने त्यांनी व्यवसाय सोडला होता. 1893 मध्ये त्यांचा मुलगा वारला. मुलगी हयात होती, पण सायकलीवरील या भटकंतीत ती बरोबर नव्हती. हे ध्यानी ठेवून वाचू लागले की त्या अभेद्य 'आम्ही'चा सूर थोडा निराळा लागतो. दोनच माणसे उरलेल्या घराने एकमेकांना घट्ट धरून चालावे, तसा तो वाटू लागतो. ग्रंथकारांनी हे सांगितले आहे असे माझे म्हणणे नाही; प्रवासवर्णनात न सांगितलेलेही वाचावे लागते, एवढेच.

ग्रंथाची शैली त्या काळच्या 'चित्रमय पूर्वे'ची. खेड्यांची शोभा आणि शहरांतील गल्ल्यांची अद्भुतता पानोपानी येते. त्याच गल्ल्यांतील घाण मात्र लेखणीला दिसत नाही. अपवाद एकच. तेथील स्त्रियांची हेळसांड व त्यांना सोसावा लागणारा जुलूम यांविषयी ग्रंथ लिहू लागला की शोभेची विशेषणे गळून पडतात आणि वाक्याला धार येते. येथे 'आम्ही'च्या पडद्यामागून फॅनीबाईंचा एकटीचा आवाज ऐकू येतो, असे मला वाटते. पुढे 1912 मध्ये सियाचेन हिमनदीच्या माथ्यावर स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी करणारे वृत्तपत्र हाती धरून त्यांनी छायाचित्र काढून घेतले. त्या बाईंचे मूळ रूप मला अल्जीरियाच्या या पानांत दिसते. मात्र ज्यांच्यासाठी एवढा संताप, त्या स्त्रियाही 'आम्ही'च्या बाहेरच राहतात. त्यांची कीव येते. त्यांच्याशी 'आपण' होत नाही.

याचे एक कारण प्रवासाच्या घडणीतच असावे. वाळवंटाची खरी ओळख दिवसा होत नाही. रात्री पाठ कोठे टेकायची, या प्रश्नाने होते. ज्याच्याजवळ स्वतःची राहुटी आहे त्याला पाण्यासाठी कोणाच्या तरी विहिरीवर जावे लागते, आणि तेथे सर्वनामे आपोआप बदलतात. फ्रेंच अंमलातील अल्जीरियात सडका तयार होत्या. बिस्क्राच्या खजुरीच्या बनापर्यंत तर 1888 मध्ये आगगाडीही पोहोचली होती. राज्यकर्त्यांच्या सडकेवरून जाणाऱ्याला कोणाचे उपकार घ्यावे लागत नाहीत. वाङ्मयाच्या दृष्टीने हे नुकसानच होय.

पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'तही (1960) प्रवासी दांपत्यच आहे. पण तेथे निवेदक पहिल्या पानापासून स्वतःची फजिती वाचकापुढे मांडतो आणि वाचक न बोलावता त्या जोडप्याचा सोबती होतो. वर्कमन दांपत्याला फजिती मंजूर नाही. अडचण आली की ती ओलांडली, एवढीच नोंद.

1897 च्या अखेरीपासून हे दांपत्य हिंदुस्थानात सायकलीवर हिंडले. दक्षिण टोकापासून हिमालयापर्यंत. सारे मिळून चौदा हजार मैल. चहा, साखर, बिस्किटे, डब्यातील मांस, प्रत्येकी एक घोंगडी एवढे सामान. लोहमार्गाच्या कडेकडेने वाट. प्रसंगी स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये मुक्काम. आणि कधी दिवसाला चाळीसपर्यंत पंक्चर! प्रवासापूर्वी त्यांनी रामायण, महाभारत व जातककथा वाचल्या होत्या, हेही नमूद करावयास हवे. परंतु त्या वाचनामुळे त्यांची दृष्टी जी देवळांच्या शिखरांवर खिळली ती देवळाच्या पायरीवर बसलेल्या माणसाकडे फारशी वळलीच नाही. 'थ्रू टाउन अँड जंगल' या 1904 च्या ग्रंथाच्या उपशीर्षकात हिंदी मैदानातील देवळे आणि माणसे अशी दोहोंची नावे आहेत. देवळे आधी, माणसे मागाहून. वर्णनांच्या राशीतून वाट काढताना वाचकाला त्या चाळीस पंक्चरांची आठवण होते, आणि ती दुरुस्त होईपर्यंत भोवती जमलेल्या गर्दीत कोणकोण होते, हे जाणून घ्यावेसे वाटत राहते.