यादीत नसलेली बाई

पुण्यात गिटार शिकणाऱ्या माझ्या भाचीने मला तिच्या आवडत्या वादकांची यादी पाठवली. चक बेरी, जिमी हेंड्रिक्स, जॉनी रामोन आणि आपल्या मुंबईचे महेश तिनईकर. खाली लिहिलं होतं, "आत्या, आधी ऐक, मग नावं ठेव." मी भालकीकडची बाई. माझं संगीत म्हणजे मंदिरातली पेटी, ढोलकी, झांजा. पण पोरीने सांगितलं म्हणून महिनाभर भाकऱ्या थापता थापता ऐकलं.

इलेक्ट्रिक गिटार आपल्या कानाला अगदीच परकी नाही, बरं का. १९७१ साली आलेल्या 'दम मारो दम'मधली गिटार भूपिंदर सिंग यांची. ज्यांच्या गझला आपण डोळे मिटून ऐकतो, तेच हे भूपिंदर.

चक बेरी मला पहिल्या झटक्यात आवडला. १९५८ सालच्या त्याच्या 'जॉनी बी. गुड'मध्ये शब्द यायच्या आधी गिटारच बोलून घेते. १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात पाठवलेल्या सोन्याच्या तबकडीवर हे गाणं आहे. त्याच तबकडीवर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. पाठवणाऱ्यांनी दोन्ही एका पंक्तीत बसवली, आपणच पंक्तीभेद करतो.

हेंड्रिक्सचं मात्र सगळं पटलं नाही. तो डावखुरा, उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवायचा. १९६९ साली वुडस्टॉकला त्याने अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं. त्यात मधेच तारा किंचाळतात, बाँब पडल्यासारख्या आदळतात. व्हिएतनामचं युद्ध तेव्हा चालूच होतं. एकही शब्द न उच्चारता हिंसेचं एवढं भय दाखवणारं वादन मी दुसरं ऐकलं नाही. पण याच माणसाने १९६७ साली माँटेरीला भर मंचावर स्वतःची गिटार पेटवली. आपल्या घरात वहीला पाय लागला तरी नमस्कार करतात. ते जाळणं मला कला वाटत नाही. भाची म्हणते, "तू जुनी आहेस." असेन.

जॉनी रामोन हा पंकवाला. त्यांची पहिली तबकडी १९७६ सालची, चौदा गाणी सुमारे एकोणतीस मिनिटांत उरकलेली. भाचीला त्यातला राग आवडतो. मला त्यातला संयम दिसला. हा माणूस मधेच थांबून स्वतःची करामत दाखवत नाही. हात वरून खाली, वरून खाली, तोच आघात. आपल्यात रसपरित्याग करतात, तूप सोडतात, मीठ सोडतात, तसं याने सजावट सोडली. सोपं वाटतं त्याने अर्धा तास मनगट तसं चालवून बघावं.

तिनईकर ज्या 'रॉक मशीन'मध्ये वाजवत, तो संच १९८४चा. पुढे त्याचंच नाव 'इंडस क्रीड' झालं. बाकीचे बरेच संच परदेशी गाण्यांच्या नकला करत, तेव्हा यांनी स्वतःची गाणी रचली. गाणी इंग्रजी, म्हणून आमच्या सीमाभागात ती कधी पोचली नाहीत. पण गायकाला जागा देऊन मागे उभी राहणारी ती गिटार मला घरातल्या समजूतदार माणसासारखी वाटली.

हे सगळं खरं, पण यादीत एक मोठी चूक आहे. सिस्टर रोझेटा थार्प कुठंय?

१९१५ साली अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात जन्मलेली ही काळी मुलगी. आई धर्मप्रचारक. पोर लहानपणीच चर्चमध्ये गिटार घेऊन उभी राहिली. १९३८ साली तिच्या तबकड्या निघाल्या आणि भजनं क्लबात गायली म्हणून चर्चमधली माणसं रागावली. तिने ना देव सोडला ना गिटार. १९६४ साली मँचेस्टरमधल्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात तिचा कार्यक्रम झाला. त्याचं चित्रण जरूर बघा. अंगात जाडजूड कोट, गळ्यात गिटार, पावसाळी हवा आणि पावसाचंच भक्तिगीत. गाता गाता ती तारा अशा छेडते, की पुढे चक बेरीने कुठून घेतलं ते कळतं. १९७३ साली ती वारली. रॉकच्या सन्मान-दालनात तिचं नाव लागलं २०१८ साली, आणि बेरीचं लागलं होतं १९८६ साली.

हे मला झोंबलं, त्याला कारण आहे. मागच्या दशलक्षणात भाचीने संध्याकाळच्या भक्तीत गिटार वाजवायची परवानगी मागितली. "मंदिरात ते कसलं वाद्य? आणि पोरीच्या जातीला?" असं एका वडीलधाऱ्यांनी म्हटलं. पोर काही बोलली नाही. गिटार पिशवीतून निघालीच नाही. आणि खरं सांगते, मीही गप्प बसले. झांज वाजवत राहिले.

आपली पेटी तरी कुठली? तीही युरोपातूनच आली. पेटीचं परकेपण आपण विसरलो, कारण तिच्यावर आपली पदं म्हटली गेली. गिटारीवर म्हटली की तिचंही विसरू. आणि पोरीची जात आडवी येत असेल तर पदं म्हणायला आम्ही बायकाच कशाला लागतो?

भाचीला मी कळवलंय, यादीत पहिलं नाव थार्पबाईंचं लिही. आणि येत्या दशलक्षणात गिटार घेऊन ये. या वेळी परवानगी मी मागणार आहे. मंडळातल्या मैत्रिणींनो, तेव्हा माझ्या शेजारी बसा.