रायगेटचा फाटका कागद

डिटेक्टिव्ह कथेची चर्चा आमच्यासारख्या शाळामास्तराने साहित्यसंस्थेच्या नियतकालिकात करावी, हे काही वाचकांस रुचणार नाही याची आम्हांस कल्पना आहे. बाबुराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर ज्यांचे बालपण पोसले गेले, तेही प्रौढपणी त्या ऋणाचा उच्चार सहसा करीत नाहीत. तथापि सर आर्थर कोनान डॉइल यांची 'द रायगेट स्क्वायर्स' ही १८९३ सालची कथा नुकतीच पुन्हा वाचनात आली, आणि तिच्यातील एका चिटोऱ्याने आम्हांस इतके अस्वस्थ केले, की त्याविषयी लिहिल्यावाचून राहवेना. १९२७ मध्ये डॉइल यांनी स्वतःच्या आवडत्या बारा होम्सकथा निवडल्या, तेव्हा या कथेस त्यांनी बारावे म्हणजे शेवटचे स्थान दिले. आमच्या मते या कथेचा एक अर्धा पहिल्या तिनांत शोभावा इतका उत्तम आहे, आणि दुसरा अर्धा त्या यादीत मुळीच यावयास नको होता. लेखकाने दोहोंची सरासरी काढली असावी.

कथा थोडक्यात अशी. आजारातून उठलेला होम्स विश्रांतीसाठी सरे परगण्यातील रायगेटजवळ वॉटसनच्या स्नेह्याकडे, कर्नल हेटर यांच्याकडे, येतो. गावात ॲक्टन नावाच्या जमीनदाराकडे चोरी झालेली असते, आणि चोरांनी नेलेल्या वस्तू अगदीच विसंगत असतात: होमरच्या भाषांतराचा सुटा खंड, मुलामा दिलेले दोन मेणबत्तीदान, सुतळीचा गुंडा! पाठोपाठ कनिंगहॅम या दुसऱ्या जमीनदाराचा कोचमन विल्यम कर्वन गोळी लागून मरतो. कनिंगहॅमचा मुलगा ॲलेक सांगतो, की विल्यमशी झटापट करणाऱ्या एका इसमाने गोळी झाडली व तो तत्काळ पळाला. मृताच्या मुठीत एका चिठ्ठीचा फाटका कोपरा सापडतो. त्यावर चारदोन शब्द आहेत आणि पावणेबाराची वेळ आहे. विल्यम नेमका त्याच वेळी मेला.

इन्स्पेक्टर फॉरेस्टर तो कोपरा पाहतो आणि त्यावर काय लिहिले आहे याचा विचार करू लागतो. होम्स वेगळा प्रश्न विचारतो: उरलेला कागद कोठे आहे? मेलेल्या माणसाच्या मुठीतून तो कोणीतरी हिसकला. ज्याने हिसकला त्यास तो नष्ट करण्याची निकड होती. पण त्या घाईत त्याने तो बहुधा खिशात कोंबला असेल, आणि एक कोपरा मागे राहिला हे त्याच्या ध्यानीही आले नसेल. आता, गोळी झाडणारा जर ॲलेक म्हणतो त्याप्रमाणे लगेच पळाला असेल, तर कागद हिसकावयास त्यास अवसर कोठे होता? आणि त्याने हिसकला नसेल, तर त्या क्षणी प्रेताजवळ ॲलेकखेरीज दुसरे होते कोण? म्हातारा कनिंगहॅम खाली येईपर्यंत नोकरचाकर जमले होते. ॲलेकच्या जबानीतील खोटेपणा सिद्ध करावयास कागदावरील एकही अक्षर लागत नाही. कागद फाटलेला आहे एवढी गोष्ट पुरे होते. मजकुराआधी त्याची अवस्था वाचावी, ही दृष्टी ज्या लेखकास १८९३ मध्ये होती, त्यास केवळ करमणूक करणारा म्हणणे अन्यायाचे होईल.

ही दृष्टी डॉइल यांच्या कल्पनेतून आली असे मात्र नव्हे. १७८४ मध्ये इंग्लंडातील लँकेस्टर येथे जॉन टॉम्स नावाच्या इसमास खुनाबद्दल दोषी ठरविण्यात आले, ते अशाच चिटोऱ्यावरून. त्या काळच्या पिस्तुलात दारूवर कागदाचा बोळा ठासावा लागे. मृताच्या जखमेतून निघालेला बोळा आणि टॉम्सच्या खिशातील फाटका कागद यांच्या कडा एकमेकींत चपखल बसल्या. तो कागद वृत्तपत्राचा होता असे कोणी सांगतात, तर कोणी म्हणतात, की रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाण्याचा. तो कोणताही असो. न्यायाधीशांपुढे प्रश्न मजकुराचा नव्हता, कडेचा होता.

आजच्या प्रयोगशाळेत हे काम कसे चालते हे समजून घेतल्यास होम्सच्या प्रश्नाची योग्यता अधिक कळते. कागद तंतूंचा बनलेला असतो. तो फाडला म्हणजे तंतू तुटतात, ओढले जातात, आणि कडेला एक बारीक लव उभी राहते. कागद थोडा तिरपा फाटला, तर एका तुकड्यावर वरचा पापुद्रा राहतो आणि दुसऱ्यावर खालचा. दोन्ही परत एकमेकांवर बसावे लागतात. कात्रीने कापलेली कड इतकी बोलकी नसते. याखेरीज कागदावरील आखणी, जलचिन्ह, घडीच्या रेषा, आणि फाटीवरून पलीकडे गेलेला शाईचा फराटा या खुणा असतात. तुकडे चिमट्याने उचलतात, प्रथम जसे सापडले तसे त्यांचे छायाचित्र घेतात, आणि जुळवून झाल्यावर डिंकाने किंवा पट्टीने न चिकटविता दोन काचांमध्ये ठेवतात, म्हणजे पाठपोट दोन्ही बाजू वाचता येतात. कागदावरील बोटांचे ठसे उमटविण्यासाठी निनहायड्रिन हे रसायन १९५४ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी सुचविले, आणि ते अजूनही वापरात आहे. पण त्याच्या द्रावणाने शाई पसरण्याचे भय असते, म्हणून ते अक्षराची तपासणी आटोपल्यावर. या साऱ्या खटाटोपातून जे निष्पन्न होते ते एकच: हे तुकडे पूर्वी एका कागदाचे होते. ही साक्ष फार मोठी आहे, आणि तेथेच ती संपते.

येथे थोडे विषयांतर करण्याची परवानगी वाचक देतील. डॉइल यांनी त्या कोपऱ्याची प्रतिकृती कथेतच छापली. होम्स जे पाहतो ते वाचकही पाहतो. ही कथा मराठीत आणू पाहणाऱ्याने त्या प्रतिकृतीचे काय करावे? कथेचा पुढील डोलारा दोन इसमांनी आळीपाळीने एकेक शब्द लिहिला या कल्पनेवर उभा आहे. आपल्या मोडी कागदात हा बेत जमलाच नसता. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढी आणि मग तिला अक्षरे लटकवीत जाई; शब्दाशब्दांत जागा सोडण्याची चालच नव्हती, मग दुसऱ्याने भरावयाची रिकामी जागा कोठून येणार? उलट ती सलग रेघ फाटलेले मोडी कागद जुळविणाऱ्यास मोठाच आधार. अक्षराच्या वळणावर रचलेले रहस्य त्या लिपीबाहेर नेता येत नाही, एवढे आम्ही यावरून म्हणतो.

आता दुसऱ्या अर्ध्याकडे वळू. होम्स त्या चिटोऱ्यावरील 'टी' या अक्षराचे दोन प्रकार दाखवितो, एक ठसठशीत आणि एक दुबळा. ठसठशीत हाताने आधी आपले शब्द लिहिले आणि दुबळ्या हाताने मधल्या जागा भरल्या, हे तो एक शब्द दाटीवाटीने बसविलेला दाखवून सिद्ध करतो. येथपर्यंत आम्ही त्याच्याबरोबर आहोत. पण पुढे तो म्हणतो, की एक लेखक तरुण असून दुसरा वृद्ध आहे, आणि 'ई' या अक्षराच्या ग्रीक वळणावरून दोघांत रक्ताचे नाते आहे. आणखी तेवीस अनुमाने आपण काढली आहेत, ती तज्ज्ञांच्याच उपयोगाची, असेही तो सांगतो. ती तेवीस त्याने सांगितली नाहीत याबद्दल आम्ही त्याचे आभारी आहोत. अक्षरावरून लिहिणाराचे वय विश्वासाने सांगता येत नाही, आणि नाते तर नाहीच नाही, हे या विद्येचे जबाबदार अभ्यासक आज मान्य करतात. कथेत अनुमान खरे ठरते, कारण गुन्हेगार आणि अक्षर दोन्ही लेखकानेच निर्माण केलेले आहेत.

कथेबाहेर काय होते ते पुढच्याच वर्षी दिसले. १८९४ मध्ये पॅरिस येथील जर्मन वकिलातीतून फाडून टाकलेला एक पातळ कागद फ्रेंच गुप्तहेर खात्याच्या हाती आला. तुकडे जुळले, आणि ते बरोबरच जुळले होते. अक्षर मात्र ड्रेफस या निरपराध अधिकाऱ्याचे ठरविण्यात आले. ते जुळत नाही तेथे त्याने मुद्दाम स्वतःच्याच अक्षराची नक्कल केली असावी, असा अजब तर्क बर्तियाँसारख्या नामांकित तज्ज्ञाने लढविला. ड्रेफस निर्दोष ठरावयास १९०६ साल उजाडले. याच प्रकरणातील दुसरा एक कागद १८९८ मध्ये दिव्याच्या उजेडात तपासताना एका अधिकाऱ्यास दिसले, की त्याच्या तुकड्यांवरील आखणीच्या रेघांचे रंग निराळे आहेत. दोन पत्रांचे तुकडे जोडून तो बनावट केलेला होता. कागदाने सत्य सांगितले, अक्षराच्या पंडितांनी दिशाभूल केली.

स्वतः डॉइल यांसही हा धडा मिळाला, आणि तो आपल्याकडील वाचकांस अधिक जवळचा वाटेल. जॉर्ज एडलजी हा मुंबईहून विलायतेत जाऊन पाद्री झालेल्या एका पारशी गृहस्थाचा वकील मुलगा. १९०३ मध्ये जनावरास जखमी केल्याच्या आरोपावरून त्यास सात वर्षांची शिक्षा झाली, आणि तीत निनावी पत्रांचे अक्षर त्याचेच असल्याची तज्ज्ञाची ग्वाही फार उपयोगी पडली. १९०७ च्या जानेवारीत डॉइल यांनी वृत्तपत्रांतून त्याची बाजू लढविली. ती लढत त्यांच्या चरित्रातील भूषणास्पद प्रकरण आहे. पण एका तज्ज्ञास खोटे पाडण्यासाठी त्यांनीही दुसरा अक्षरतज्ज्ञच गाठला आणि दुसऱ्याच एका इसमाकडे बोट दाखविले! रायगेटच्या होम्सवरील त्यांचा विश्वास ढळला नव्हता.

या विश्वासाचा आम्हांस इतका राग का यावा, असे कोणी विचारील, तर त्याचे कारण साहित्यिक नाही. काही वर्षांपूर्वी वार्षिक परीक्षेच्या वेळी आमच्या शाळेत एका बाकाखाली कागदाचे अकरा कपटे सापडले. आम्ही ते टेबलावर मांडले, कडेला कड लावून जुळविले, आणि पुठ्ठ्यावर खळीने चिकटविले. त्या तासाभराच्या कौशल्याचा आम्हांस किती अभिमान वाटला, हे आज सांगताना लाज वाटते. सोडविलेली गणिते होती, अक्षर बाकावरील मुलाचे होते, आणि फाडले होते म्हणजे लपवावयाचे होते. मुलगा काही बोलला नाही. त्याचा निकाल आम्ही राखून ठेवला. त्या कागदावरील एकही उदाहरण त्या दिवसाच्या प्रश्नपत्रिकेत नव्हते, हे पाहण्याची तसदी आम्ही घेतली ती तो शाळा सोडून गेल्यावर. सरावाचा जुना कागद कंपासपेटीत राहिला होता. परीक्षेत बसल्यावर तो दृष्टीस पडताच घाबरून त्याने तो फाडला. फाडणे ही त्याच्या सचोटीचीच खूण होती, आणि आम्ही तिला गुन्ह्याची खूण मानले. शिवाय पुठ्ठ्यावर चिकटविल्यामुळे कागदाची मागची बाजू आम्ही कधी पाहिलीच नाही.

म्हणून व्हिन्सेंट फॉस्टर यांच्या चिठ्ठीची हकीकत आम्ही निराळ्या मनाने वाचली. अमेरिकेच्या अध्यक्षांचे हे उपविधिसल्लागार २० जुलै १९९३ रोजी मृतावस्थेत सापडले. सहा दिवसांनी त्यांच्या चामडी बॅगेतून पिवळ्या कागदाचे सत्तावीस तुकडे निघाले. ते जुळविले तेव्हा अठ्ठाविसावा नव्हता, आणि तो नेमका खालच्या उजव्या बाजूचा, जेथे एरवी सही असते तेथला. सरकारी तज्ज्ञांनी अक्षर फॉस्टर यांचेच ठरविले. १९९५ मध्ये तीन खासगी तज्ज्ञांनी छायाप्रतीवरून ते बनावट म्हटले. १९९४ आणि १९९७ च्या दोन स्वतंत्र चौकशांचा निष्कर्ष आत्महत्येचाच होता. मजकूर निरोपाचाही नव्हता. कामाच्या ठिकाणच्या तक्रारींची ती एक यादी होती, आणि पत्नीच्या सांगण्यानुसार ती मृत्यूच्या काही दिवस आधी लिहिलेली असावी. एका थकलेल्या माणसाने आपले गाऱ्हाणे लिहून काढले आणि मग ते फाडून टाकले, एवढेच तो कागद सांगतो. पण रायगेटला कोपरा तेवढा उरला होता आणि येथे कोपरा तेवढा हरवला होता. लोकांनी सत्तावीस तुकडे बाजूस सारले आणि वर्षानुवर्षे अठ्ठाविसाव्याचेच वाचन केले. न सापडलेल्या तुकड्यावर वाटेल ते लिहिता येते.

डॉइल यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ॲलेकच्या ड्रेसिंग गाऊनच्या खिशातून होम्स उरलेला कागद मिळवितो आणि संपूर्ण चिठ्ठी वाचकांपुढे येते. पूर्वेकडील फाटकाशी ये, तुझ्या आणि ॲनी मॉरिसनच्या फायद्याची गोष्ट कळेल, अशा अर्थाचे ते आमिष आहे. ॲनी मॉरिसन हे नाव कथेत येथे प्रथमच येते. विल्यमची ती कोण, ॲलेकशी तिचा काय संबंध, आणि तिच्या नावाने तो मध्यरात्री घराबाहेर का पडला? खुनी सापडले, कड कडेस लागली, चोरीचा उलगडा झाला. पण या तिघांचे परस्परांशी नाते काय होते ते आपणांस अद्याप ठाऊक नाही, असे होम्स कबूल करतो, आणि डॉइलही ते शेवटपर्यंत सांगत नाहीत.