क्यासनूर अरण्यज्वर : उगमाच्या दोन उपपत्ती

एखादा रोग ‘नवा’ ठरतो तो नेमका केव्हा? त्याचा विषाणू प्रयोगशाळेत प्रथम हाती लागतो तेव्हा, की ज्या परिस्थितीमुळे तो पशूंकडून माणसांकडे येऊ लागतो ती परिस्थिती उत्पन्न होते तेव्हा? नवोद्भूत रोगांच्या संशोधनात या दोन प्रश्नांची वारंवार गल्लत होते. पहिल्याचे उत्तर पुष्कळदा त्वरित मिळते आणि त्याचे श्रेयही त्वरित पदरात पडते. दुसऱ्याचे उत्तर मात्र वर्षानुवर्षे रानात हिंडून गोळा करावे लागते आणि म्हणूनच ते मागे पडते. क्यासनूर अरण्यज्वर, म्हणजेच कोकणात ‘माकडताप’ या नावाने ओळखला जाणारा रोग, याच्या संशोधनाचा इतिहास या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे.

तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर अरण्याच्या परिसरात, १९५७ साली वानरे व माकडे मरून पडत असल्याचे आढळले. त्याच सुमारास आसपासच्या खेड्यांतील माणसे तीव्र ज्वराने, काही वेळा रक्तस्रावासह, आजारी पडत होती. ही सांगड पाहून पीतज्वराची शंका येणे स्वाभाविक होते. कारण आफ्रिका व दक्षिण अमेरिका यांना ग्रासणारा तो रोग आशियात कधीच स्थिरावला नव्हता, परंतु त्याचा वाहक डास येथे विपुल होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने १९५२ साली पुण्यास स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राने ही शंका थोड्याच काळात दूर केली. टेलफर्ड वर्क, हॅरॉल्ड ट्रॅपिडो व त्यांचे सहकारी यांनी मृत माकडांतून व रुग्णांतून विषाणू वेगळा केला. तो रशियातील वसंत-ग्रीष्म मस्तिष्कशोथाच्या विषाणुसमूहातील निघाला आणि त्याचा वाहक डास नसून गोचीड, मुख्यतः हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही जाती, असल्याचे निश्चित झाले. येथवरचे कार्य निःसंशय गौरवास्पद आहे.

प्रश्न उद्भवतो तो यापुढे. उत्तरेकडील शीत प्रदेशातील विषाणूंचा हा सगोत्र सह्याद्रीच्या दमट अरण्यात आला कसा? पहिल्या उपपत्तीने त्याचे उत्तर आकाशात शोधले. सैबेरियाकडून हिवाळ्यात येणारे पक्षी आपल्या अंगावरील गोचिडांबरोबर विषाणूही आणत असावेत, असा तर्क मांडण्यात आला. या तर्काने पक्ष्यांच्या स्थलांतराच्या अभ्यासास मोठी चालना दिली. मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेत सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली झालेले पक्षी-वलयांकनाचे कार्य जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने उभे राहिले ते यामुळेच. पक्षिशास्त्राचा लाभ झाला. रोगाच्या उगमाचा पुरावा मात्र हाती आला नाही. शिवाय पक्षी प्रतिवर्षी येतच होते. मग रोग नेमका १९५७ च्या सुमारासच का दिसावा, या प्रश्नास या उपपत्तीपाशी उत्तर नव्हते. पुढे, १९९० नंतरच्या दशकात, सौदी अरेबियात आढळलेला अल्खुर्मा विषाणू याचा सर्वांत निकटचा आप्त ठरला, तेव्हा सैबेरियाचा दुवा आणखी सैल झाला.

दुसरी उपपत्ती जमिनीवरून निघते. कोलंबियाच्या अरण्यांत पीतज्वराचा अभ्यास केलेले होर्हे बोशेल यांनी १९६९ साली ती मांडली. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे : लोकसंख्या वाढली, अरण्य तुटले, शेते आत सरकली आणि कडेला घाणेरीची जाळी माजली. या जाळ्यांतून गुरे चरू लागली. प्रौढ गोचिडांना मोठ्या जनावराचे रक्त लागते. ते गुरांनी मुबलक पुरविले आणि पूर्वी विरळ असलेली गोचिडांची संख्या बेसुमार वाढली. अपरिपक्व अवस्थेतील गोचीड उंदीर, चिचुंद्र्या, माकडे व माणसे यांना चावतात. अशा रीतीने रानातल्या रानात मूकपणे फिरणारा विषाणू माणसाच्या वाटेवर आला. गुरे स्वतः या रोगाने मरत नाहीत. ती फक्त वाहकाचे पोषण करतात. या भूमिकेतून विषाणू नवा नव्हता, नवी होती ती अरण्याची कड.

या उपपत्तीतही उणिवा आहेत. तुटलेली अरण्ये व चरणारी गुरे सह्याद्रीत सर्वत्र आहेत. रोग मात्र ठिपक्याठिपक्यांनी दिसतो. कोणत्या प्रकारचे अरण्य व किती गुरे, याचे मापन बोशेल यांनी केले नव्हते. परंतु खरा दोष त्यांच्याकडे जात नाही. मापनाची ही निकड पुढील संशोधकांनी उचलावयास हवी होती. तसे फारसे झाले नाही. लक्ष लशीकडे वळले. लशीचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. तथापि २००५ ते २०१० या काळातील कर्नाटकातील नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात दोन मात्रांची परिणामकारकता सुमारे ६२ टक्के आढळली, आणि पुढे त्या लशीचा वापर थांबविण्यात आला. वाहकाची परिस्थिती दुर्लक्षून केवळ लशीवर विसंबण्याची मर्यादा यातून स्पष्ट होते.

दरम्यान रोग आपल्या जुन्या सीमेत राहिला नाही. २०१२-१३ मध्ये तो बंदीपूरच्या परिसरात व निलगिरीत, नंतर केरळातील वायनाड जिल्ह्यात, २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात आढळला. अखेरच्या दोन ठिकाणी काजूच्या बागांत राबणारी माणसे आजारी पडली. काजूबोंडे गोळा करण्याचा हंगाम व अपरिपक्व गोचिडांचा काळ हे बऱ्याच अंशी एकच आहेत. हा प्रसार की केवळ उशिरा झालेली ओळख, हे ठरविणे कठीण आहे. माकड रानात मरते, आणि कोणी पाहिले तरच त्याची नोंद होते; नोंद नसणे म्हणजे रोग नसणे नव्हे.

२०२० साली बेथ पर्स व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आर्द्र सदाहरित अरण्य व लागवडी यांची सरमिसळ आणि देशी गुरांची दाटी जेथे आढळते तेथे रोगाचा धोका अधिक, असा निष्कर्ष निघाला. बोशेल यांच्या विधानाला आकड्यांचा आधार मिळण्यास अर्धशतक लागले, असा याचा अर्थ आहे. या विलंबाची किंमत सरपण आणणाऱ्या, गुरे राखणाऱ्या व काजू वेचणाऱ्या माणसांनी मोजली. विषाणूचे नामकरण हा संशोधनाचा आरंभ आहे. आरोग्य, पशुसंवर्धन व वन या खात्यांच्या नोंदी एकत्र ठेवून अरण्याच्या कडेचा अखंड अभ्यास जोवर होत नाही, तोवर प्रत्येक साथ ‘नवी’च वाटत राहणार, आणि तो नवेपणा रोगाचा नसून आपल्या विस्मृतीचा असेल.