रंगीत शाई आणि तिचें 'कायमपण'

शाईच्या बाटलीवर 'कायम' हा शब्द छापलेला पाहिला कीं आमच्या मनांत पहिला प्रश्न उभा राहतो : कशापुढें कायम? पाण्यापुढें, कीं उन्हापुढें? हा प्रश्न विचारण्याचा अधिकार वर्धा जिल्ह्यांतील माणसाला अंमळ अधिकच आहे. वैशाखांत खिडकीशीं ठेवलेल्या कागदावरचीं अक्षरें विटतात आणि आषाढांत कपाटांतील वहीला ओल येते. ह्या दोन्ही ऋतूंतून जी शाई तरून जात नाहीं तिनें जपून ठेवावयाचीं पत्रें लिहूं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

फाउंटन पेनांत चालतील अशा, पाण्यानें न पुसणाऱ्या रंगीत शाया आतां मिळतात. त्यांचें कौतुक करण्यापूर्वीं वाचकांनीं एखादी जुनी पोथी उघडून पाहावी. मजकूर काजळाच्या शाईचा. दंड आणि समाप्तीची ओळ हिंगुळाची. उघड्या प्रकाशांत हिंगूळ काळवंडतो खरा, पण मिटलेल्या पोथींत तो शतकानुशतकें टवटवीत राहिला आहे. पाण्याचें भय घालविण्यासाठीं शाईंत टाकणखारांत विरघळविलेली लाख घालीत. म्हणजे टिकाऊ रंग ही विद्या नवी नव्हे. मात्र ती बोरूची विद्या होती. बोरू बुडवावा, लिहावें, पुसून ठेवावा. फाउंटन पेनच्या निबेखालील केसासारख्या वाटेंत लाख एकदां सुकली कीं पेन जवळजवळ निकामीच झालें. कागदावर शाईनें लवकर घट्ट व्हावें आणि पेनमध्यें मुळींच होऊं नये, अशी ही परस्परविरुद्ध मागणी आहे.

हिरडा किंवा मायफळ व हिराकस यांच्या शाईनें ती मागणी पुष्कळ अंशीं पुरी केली. पेनांत ती पातळ राहते. कागदावर हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन काळी पडते व तंतूंना धरून बसते. पण शेवटीं ती काळीच! तिच्यांतला निळा रंग केवळ लिहितांना अक्षर दिसावें म्हणून घातलेला असतो. बाकीच्या साध्या रंगीत शाया म्हणजे पाण्यांत विरघळलेला रंग, आणि पाण्यांत विरघळलेलें पाण्याबरोबर जावयाचेंच. आमच्यापुढें एकदां पावसांत भिजलेली वही आली होती. बॉलपेननें लिहिलेल्या विद्यार्थ्याच्या चुका जशाच्या तशा होत्या. वाहून गेल्या होत्या त्या आमच्या तांबड्या दुरुस्त्या.

स्वदेशी शाईचा इतिहास आमच्या जिल्ह्याला परका नाहीं. १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें ठाणें वर्ध्याच्या मगनवाडींत होतें व तेथें हातकागदाचें काम चाले. त्याच सालीं बंगालमध्यें 'सुलेखा' निघाली. मुंबईंत दांडेकरांनीं त्याआधींच, १९३१ सालीं, शाईच्या पुड्या व गोळ्या विकण्यास आरंभ केला होता. 'कॅम्लिन' त्यांतूनच उभें राहिलें. ह्या मंडळींनीं शाळकरी मुलाच्या दौतींत देशी शाई आणली, हें लहान काम नव्हे. परंतु पाण्यानें न जाणारी रंगीत शाई हें निराळेंच प्रकरण आहे. तिच्यांत रंग विरघळलेला नसून अतिसूक्ष्म कणांच्या रूपानें तरंगत असतो. जपानच्या 'प्लॅटिनम' कंपनीनें असा निळा व गुलाबी-तांबडा रंग काढला आहे.

अशा जातीच्या एका परदेशी निळ्या शाईनें आम्हीं लिहून पाहिलें. तासभर पाण्यांत ठेवलेल्या हातकागदावरील एकही अक्षर हललें नाहीं. पाण्याच्या परीक्षेंत ती पूर्ण उतरली. सौंदर्याच्या परीक्षेंत मात्र आम्ही तिला कमी गुण देऊं. साध्या निळ्या शाईंत अक्षराच्या वळणावर रंग दाटतो, आडव्या रेषेंत फिका होतो, त्यामुळें लिहिणाऱ्याचा हात दिसतो. ही शाई सर्वत्र सारखी, भिंतीच्या रंगासारखी. गुळगुळीत कागदावर ती वरच्यावर बसते व बोटानें घासली असतां थोडी निघते. हातकागदांत ती खोल मुरते. उन्हाविषयींचा निर्णय आम्ही राखून ठेवतों. त्याला एक उन्हाळा पुरत नाहीं.

तेव्हां रोजच्या टिपणांसाठीं तिची गरज नाहीं. आईवडिलांस लिहावयाचीं पत्रें, घरची वंशावळ, कवितेची शेवटची प्रत यांसाठीं ती अवश्य घ्यावी. मात्र पेन पंधरा दिवसांनीं धुवावें आणि मे महिन्यांत भरलेलें ठेवून गांवीं जाऊं नये. हातकागदावर मध्यम निब वापरावी. बारीक निब कागदाचे तंतू उचलते, आणि तंतू व कण मिळून वाट बुजवितात.