‘झिरो डेज’ : हल्ल्याची गोष्ट पूर्ण, बचावाची अर्धी

बातम्यांत रोज ‘सायबर’ हा शब्द कानावर पडतो. नातवंडे तो सहज बोलतात आणि आपण वडील मंडळी नुसती मान हलवतो. हे प्रकरण मुळातून समजून घ्यायचे असेल, तर अमेरिकन दिग्दर्शक ॲलेक्स गिब्नी यांचा ‘झिरो डेज’ हा 2016 सालचा माहितीपट अवश्य पाहावा. त्यात इस्राएलचे नाव वारंवार येते, म्हणून तो नीट पारखूनही घ्यावा.

आधी नावाचा अर्थ सांगतो. संगणकाच्या कार्यक्रमात एखादे छिद्र असते, पण ते बनवणाऱ्या कंपनीलाही ठाऊक नसते. ते बुजवायला तिला एकही दिवस मिळालेला नसतो, म्हणून त्याला ‘झिरो डे’ म्हणतात. 2010 साली बेलारूसमधील एका लहान कंपनीला एक व्हायरस सापडला. त्यात अशी एक नव्हे, चार छिद्रे वापरलेली होती. त्याचे नाव पडले स्टक्सनेट.

तो इराणमधील नातान्झ येथील अणुकेंद्रासाठी बनवलेला होता. तेथे युरेनियम शुद्ध करण्यासाठी सेंट्रिफ्यूज नावाची हजारो उंच नळकांडी सेकंदाला हजाराहून अधिक फेऱ्या घेत होती. त्यांचा वेग सांभाळणाऱ्या सीमेन्स कंपनीच्या यंत्रणेत स्टक्सनेट शिरला. तो कधी वेग प्रमाणाबाहेर वाढवी, तर कधी जवळजवळ थांबवी. आणि समोरच्या पडद्यावर मात्र आधी नोंदवून ठेवलेले जुने, चांगले आकडे दाखवी. पहारेकऱ्याला सर्व काही ठीक दिसत होते आणि यंत्रे मोडत होती. सुमारे 1,000 सेंट्रिफ्यूज बदलावी लागली, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

हा सारा गुंता गिब्नी यांनी छान उलगडला आहे. सिमँटेक कंपनीचे दोन तज्ज्ञ, एरिक चिएन आणि लियम ओ मर्कू, तशाच यंत्रणेला हवेचा एक पंप जोडतात आणि पंपाला फुगा लावतात. पंप ठराविक वेळेनंतर थांबायला हवा, पण व्हायरस आत शिरताच तो थांबत नाही आणि फुगा फुटतो. दहा पाने वाचून जे कळले नसते, ते या एका प्रयोगाने कळते. ज्यांना संगणकाचे ओ की ठो कळत नाही, त्यांनी निदान हा भाग पाहावा.

आता आमच्या तक्रारी.

पहिली तक्रार साक्षीबद्दल. चित्रपटात एक स्त्री बोलते. तिचा चेहरा संगणकाने धूसर केलेला आहे. अमेरिकन गुप्तहेर खात्यातील माणूस म्हणून ती सर्व हकीकत सांगते. इस्राएलींनी आपल्याशी न बोलता व्हायरस अधिक आक्रमक केला, म्हणून तो जगभर फुटला, असा आरोपही तिच्याच तोंडी आहे. शेवटी कळते की ती नटी आहे आणि अनेक निनावी अधिकाऱ्यांचे बोल तिच्याकडून वदवून घेतले आहेत. माणसांची ओळख लपवणे आम्ही समजू शकतो. पण कोण काय बोलले, हे वेगळे काढताच येत नसेल, तर त्या साक्षीचे वजन किती धरावे? पत्रकार योसी मेलमन यांच्यासारखे इस्राएली चित्रपटात बोलतात, पण या आरोपाला त्या तोडीचे उत्तर कोठे येत नाही. इस्राएलने आणि अमेरिकेने हे काम आपले असल्याचे आजवर अधिकृतपणे मान्य केलेले नाही. जे मौन बाळगतात, त्यांच्यावर दोष ढकलणे सोपे असते.

दुसरी तक्रार अधिक मोठी आहे. हा चित्रपट हल्ला करणाऱ्यांच्या खोलीत बसून सांगितला आहे. बचाव करणारे त्यात जवळजवळ नाहीत. सूड कसा उगवला, ते थोडक्यात येते. 2012 साली सौदी अरामको या तेल कंपनीचे सुमारे 30,000 संगणक पुसले गेले आणि नंतर अमेरिकन बँकांवर मारा झाला. अमेरिकन अधिकाऱ्यांनी दोन्हींचा ठपका इराणवर ठेवला. पण पुढचा हल्ला अडवायचा कसा आणि अडवणार कोण, हा प्रश्न चित्रपट विचारून सोडून देतो.

फुगा फोडणारी ती यंत्रणा फक्त अणुकेंद्रात नसते. तसल्याच पेट्या पाण्याच्या पंपावर, विजेच्या केंद्रात आणि कारखान्यात बसवलेल्या असतात. त्या वर्षानुवर्षे चालतात. दुरुस्तीसाठी पाणी किंवा वीज सहजासहजी बंद करता येत नाही. चोराला एक उघडी खिडकी पुरते, घरमालकाला मात्र सगळ्या खिडक्या रोज तपासाव्या लागतात. बचाव कठीण आहे तो यामुळे.

याचा अनुभव इस्राएलला एप्रिल 2020 मध्ये आला. पाणी आणि सांडपाण्याच्या यंत्रणेवर देशात अनेक ठिकाणी एकाच वेळी हल्ला झाला आणि तो वेळीच पकडला गेला. राष्ट्रीय सायबर संचालनालयाचे तेव्हाचे प्रमुख यिगाल उना यांनी सुमारे महिनाभराने जाहीरपणे सांगितले, की हल्ला साधला असता तर क्लोरीनचे किंवा इतर रसायनांचे प्रमाण बिघडून लोकांना अपाय होऊ शकला असता. नोव्हेंबर 2023 मध्ये सफेद येथील झिव्ह इस्पितळावर हल्ला झाला. कामकाज बंद पाडण्याचा डाव फसला, पण रुग्णांची खासगी माहिती चोरीला गेली. त्यामागे इराण आणि हिजबुल्ला असल्याचे संचालनालयाने नंतर सांगितले. नळाचे पाणी आणि डॉक्टरांकडची फाईल या गोष्टींवर आपल्या वयाची माणसे सर्वांत अधिक अवलंबून असतात.

गुप्ततेमुळे बचाव दुबळा होतो, हे गिब्नी यांचे मुख्य म्हणणे आम्हांला अर्धे पटते. पाण्यावरील हल्ल्याबद्दल उघड बोलले गेले, म्हणून लोक सावध झाले. परंतु आपण हल्ला कसा करतो, हे कोणता देश चव्हाट्यावर मांडील? आपल्यावर काय आले ते जनतेला सांगणे वेगळे आणि आपली हत्यारे दाखवणे वेगळे. चित्रपट या दोहोंत फरक करत नाही.

आणखी एक गोष्ट आज मागे वळून पाहताना दिसते. बाँब टाकावे लागू नयेत म्हणून हे शस्त्र काढले, असे चित्रपटातील माणसे सांगतात. तेच नातान्झ 13 जून 2025 रोजी इस्राएली विमानांनी आणि त्यानंतर 22 जूनला अमेरिकेने बाँबने हाणले. व्हायरसने वेळ मिळवून दिला असेल, पण युद्ध टळले नाही. चित्रपट 2016 चा, त्यामुळे हे त्यात नाही, हा त्याचा दोष नव्हे. पण आज पाहणाऱ्याने हे मनात ठेवून पाहावे.

स्टक्सनेटची चाचणी दिमोनात झाली, असे न्यूयॉर्क टाइम्सने जानेवारी 2011 मध्ये छापले होते. खरे-खोटे अधिकृतपणे कोणी सांगितलेले नाही. दिमोनात आपले कितीतरी बांधव राहतात आणि हल्ल्याची तक्रार घेणारे 119 क्रमांकाचे केंद्र बीर-शेव्यात आहे, जेथे आपली वस्ती मोठी आहे. हल्ल्याची कथा आणि बचावाचे काम, दोन्ही आपल्या शेजारच्याच गावांत आहेत.

चित्रपट सुमारे दोन तासांचा आणि इंग्रजीत आहे. बोलणे फार आहे आणि पडद्यावर सरकणारे आकडे डोळ्यांना शिणवतात. एखाद्या नातवाला किंवा नातीला शेजारी बसवून, मध्ये मध्ये थांबवून पाहिलात तर सोपे जाईल. पाहून झाल्यावर पाण्याच्या पंपावर आज पहारा कोण देतो, हे त्यांना विचारा. गिब्नी यांनी ते विचारायचे राहून गेले आहे.