उशीर नेमका कुठे झाला? आयर्लंडच्या वन-परवान्यांचं प्रकरण

धोरणावरचा अहवाल किंवा कायदा वाचायला घेतलात की आधी एवढं शोधा: त्यात ‘विलंब’ कुठून कुठपर्यंत मोजलाय? आयर्लंडचा २०२० चा फॉरेस्ट्री (मिसलेनियस प्रोव्हिजन्स) अ‍ॅक्ट या सरावासाठी घ्या. माझ्या मते तिथे दुखणं एकीकडे होतं आणि मलम दुसरीकडे लागलं.

तिथे झाडं लावायला, जंगलात रस्ता काढायला आणि तोडणीला कृषी खात्याचा परवाना लागतो. निर्णय मान्य नसेल तर फॉरेस्ट्री अपील्स कमिटीकडे जाता येतं. २०२० पर्यंत अपिलं एवढी साचली की आरागिरण्यांना लाकूड कमी पडू लागलं. मग घाईने हा कायदा आला. अपिलाची मुदत २८ दिवसांवरून १४ वर आली, आधी नसलेली फी आली (२०० युरो), आणि कमिटीला वेगवेगळ्या गटांत बसून सुनावणी घेता येऊ लागली.

यातला शेवटचा बदल चांगलाच. रांगेचं साधं गणित आहे: निपटाऱ्याचा वेग वाढला की थांबणं कमी होतं. अपिलांचा ढीग पुढे उतरलाही. फी आणि मुदत मात्र वेग वाढवत नाहीत, फक्त रांगेत येणारी माणसं कमी करतात. दोन्हींनी आकडा खालीच येतो, म्हणून आकड्यावरून फरक कळत नाही.

आता मूळ कारण बघू, आणि ते जरा मजेशीर आहे. एप्रिल २०१८ मध्ये युरोपियन न्यायालयाने ‘पीपल ओव्हर विंड’ खटल्याचा निकाल दिला. विषय पवनचक्क्यांच्या केबलचा, आणि चिंता नदीतल्या मोती-शिंपल्याची! निकाल असा: संरक्षित अधिवासावर परिणाम होईल का याची पहिली चाळणी लावताना ‘आम्ही काळजी घेऊ’ हे आश्वासन जमेस धरायचं नाही. झालं, पूर्वी चाळणीतच सुटणारे ढीगभर वन-अर्ज आता सविस्तर पर्यावरणीय मूल्यमापनाला जाऊ लागले. ते काम करायला परिसंस्थातज्ज्ञ पुरेसे नव्हते. म्हणजे रांग अपिलाच्या आधीच, खात्याच्या टेबलावर तुंबली होती. शिवाय कच्च्या मूल्यमापनावर दिलेला परवाना अपिलात टिकणं अवघड. बरीचशी अपिलं हे त्या कच्चेपणाचं लक्षण होतं. कायदा ऑक्टोबर २०२० मध्ये झाला आणि काही महिन्यांतच, २०२१ च्या सुरुवातीला, सरकारला ‘प्रोजेक्ट वुडलँड’ नावाची वेगळी मोहीम काढावी लागली. कशासाठी? साचलेले अर्ज हलवण्यासाठीच.

आता तुमच्या कामाचं. ‘परवान्याला सरासरी इतके महिने लागतात’ असं वाक्य दिसलं की थांबा. ही सरासरी बहुधा निकाल लागलेल्या अर्जांचीच असते. जे अजून पडून आहेत ते तिच्यात नाहीत, आणि सगळ्यात जास्त थांबलेले तेच. संख्याशास्त्रात याला ‘सेन्सर्ड डेटा’ म्हणतात. औषधांच्या चाचण्यांत यासाठी सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस वापरतात. सरकारी फायलींना ते का लावू नये? दुसरं, लागवड, रस्ता आणि तोडणी एका बेरजेत घालू नका. तोडणीचे परवाने भराभर सुटले तरी एकूण आकडा छान दिसतो आणि लागवड करू बघणारा शेतकरी तिथेच राहतो.

उलट्या बाजूनेही सावध राहा. वर्षाला ८,००० हेक्टर लागवडीचं लक्ष्य होतं, २०२१ मध्ये झाली जेमतेम २,०००. हे सगळं परवान्यांच्या माथी मारायचा मोह होतो. पण अ‍ॅश झाडांच्या मर रोगामुळे शेतकऱ्यांचा विश्वास आधीच डळमळला होता. २०२३ मध्ये तर अनुदान योजनेलाच युरोपियन मंजुरी मिळायला ऑगस्ट उजाडला. परवाना वेळेत मिळाला असता तर किती जणांनी झाडं लावली असती, हे हेक्टरांच्या आकड्यातून निघत नाही.

फीबद्दलही माझी तक्रार आहे. आयर्लंडने २०१२ मध्ये मान्य केलेला आर्हस करार सांगतो की पर्यावरणाच्या प्रश्नावर दाद मागणं परवडेनासं महाग नसावं. एका अपिलाला २०० युरो फार नाहीत. पण गावाभोवतीच्या पाच तुकड्यांचे पाच परवाने असतील तर हजार होतात. फीमुळे नेमकी कोणती अपिलं गळाली, फुटकळ की मुद्द्याची, हे तपासल्याशिवाय ‘अपिलं घटली’ला यश म्हणायला मी तयार नाही. त्यासाठी प्रत्येक अर्जाच्या चार तारखा लागतील: अर्ज, तज्ज्ञाकडे रवानगी, निर्णय, अपील. दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखेतलं अंतर आधी काढा.