लीळाचरित्रातील ‘पुसणे’ : प्रश्न आणि सूत्र

महानुभाव पंथाच्या ज्ञानपरंपरेची चर्चा करताना अभ्यासकांचे लक्ष सहसा जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांच्या विवेचनाकडे जाते. ते ज्ञान कोणत्या रीतीने मिळविले गेले, याचा विचार मानाने कमी झाला आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी सुमारे १२७८ मध्ये सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ या दृष्टीने पुन्हा वाचावयास हवे.

लीळेची घडण बहुधा संवादाची असते. कोणी तरी काही पुसते आणि सर्वज्ञ उत्तर देतात. ‘पुसणे’ हे क्रियापद ‘विचारणे’ या अर्थी वऱ्हाडी बोलीत अद्याप जिवंत आहे. या पुसणाऱ्यांत महदाइसेचे स्थान विशेष होय. तिच्या अखंड जिज्ञासेबद्दल चक्रधरांनी तिला ‘चर्चक’ म्हटले. त्यांनी हे कौतुकाने म्हटले असले, तरी त्यातून शिष्याचे एक लक्षणही सूचित होते. ज्ञान घेणाऱ्याने आयुष्यभर पुसत राहावे, अशी येथील अपेक्षा दिसते. म्हाइंभटांची संकलनपद्धतीही अशीच आहे. ज्यांनी प्रसंग पाहिले त्यांना गाठून, विशेषतः नागदेवाचार्यांना विचारून, त्यांनी लीळा जमविल्या. एकाच प्रसंगाच्या भिन्न आठवणी ‘वासना’ म्हणून नोंदविण्याची प्रथाही याच वृत्तीतून आलेली आहे.

पुढे केसोबासांनी लीळांतील चक्रधरोक्ती निवडून ‘सूत्रपाठ’ रचला. पाठांतरास आणि निरूपणास तो अत्यंत उपयुक्त ठरला, हे निर्विवाद. परंतु या निवडीत उत्तर उरले आणि प्रश्न गळला. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही हानी लहान नाही. चक्रधर स्वतःविषयी ‘मी’ न म्हणता ‘एथ’ हे स्थलवाचक अव्यय योजतात. लीळेत बोलणारा, ऐकणारा व स्थळ समोर असल्यामुळे त्याचा निर्देश स्पष्ट असतो. सूत्रात हा आधार राहत नाही. ‘तुम्ही’ म्हणजे कोण, ‘हे’ म्हणजे काय, हे ठरविण्यास वाचकाला संदर्भ बाहेरून आणावा लागतो.

ही उणीव पंथालाही जाणवली असावी. एरवी कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले हे सांगणारे ‘प्रकरणवश’ निर्माण होण्याचे कारण काय? केसोबासांच्याच ‘दृष्टांतपाठा’त सूत्राला दृष्टांत आणि दार्ष्टान्तिक यांची जोड आहे. सूत्र एकटे पुरत नाही, याची ही एक प्रकारे कबुलीच होय.

‘स्मृतिस्थळा’तील एक प्रसंग येथे आठवतो. संस्कृतात प्रश्न करणाऱ्या पंडित शिष्यांना नागदेवाचार्यांनी मराठीत पुसावयास सांगितले. सर्वज्ञांनी आपल्याला मराठीतूनच बोध केला, हे त्यांचे कारण. भाषेचा हा आग्रह चर्चेत कोणाला बसता येईल, या प्रश्नाशी निगडित होता. पुढे याच पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीत झाकले आणि बाहेरच्यांना तेथे पुसता येईनासे झाले. वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केल्यावर विसाव्या शतकात ते साहित्य अभ्यासकांना खुले झाले.

तुलनेसाठी एक दूरचे उदाहरण घेता येईल. प्राचीन ड्रुइड आपली विद्या लिहीत नसत आणि काही शिष्य वीस वर्षेपर्यंत ती मुखोद्गत करीत, असे सीझरने नोंदविले आहे. ती विद्या लुप्त झाली. इंग्लंडमध्ये रॉस निकल्स यांनी १९६४ मध्ये स्थापिलेल्या संघासारख्या आधुनिक ड्रुइड मंडळ्यांना वारशाने मूळ ग्रंथ मिळालेला नाही; त्यामुळे अध्ययन व परस्परचर्चा यांवरच त्यांना पुष्कळसा भर द्यावा लागतो. आपल्याकडे ग्रंथ आहेत, आणि धोका उलट दिशेने आहे. ग्रंथ हाती असल्यामुळे चर्चा संपली असे वाटू लागते.

रिद्धपूर येथे आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. वर्गात सूत्रे सुभाषितांप्रमाणे शिकविण्याचा मोह आपणा अध्यापकांना नेहमीच होतो. सूत्रापूर्वी त्याची लीळा वाचावी आणि लीळेतील प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः पुसून पाहावा, एवढी शिस्त पाळली तरी महदाइसेची परंपरा त्या गावी पुन्हा सुरू झाली, असे म्हणता येईल.